परातीतलं मलम

“म्हंजे आमच्यावर प्रयोग करनार काय?”

या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं खर्ची पडली. खरं उत्तर ‘हो’ असं आहे. ते तसं दिलं की समोरचा माणूस उठून जातो. ‘नाही’ म्हटलं तर मी खोटं बोलते. मधलं उत्तर अकरा पानांचं आहे, ते मोठ्याने वाचून दाखवावं लागतं आणि शेवटी त्यावर सही नाहीतर अंगठा घ्यावा लागतो. पाचव्या पानापर्यंत ऐकणारा जांभया देऊ लागतो, आठव्या पानाला त्याला कुठेतरी जायचं असतं, आणि अकराव्या पानावर तो विचारतो, “समदं बराबर हाय, पन आमच्यावर प्रयोग करनार काय?”

मी मुळातली नर्स. बरीच वर्षं सरकारी इस्पितळात काढली आणि नंतर अलिबागजवळच्या एका संशोधन केंद्रात लागले. माझ्या ओळखपत्रावर चार शब्दांचं लांबलचक पद छापलेलं होतं, पण किहीमपासून मुरुडपर्यंत आणि आत म्हसळ्यापर्यंत मी फक्त ‘सिस्टर’. काम असं की गावोगाव जाऊन औषधाच्या चाचणीसाठी माणसं मिळवायची, त्यांना औषध द्यायचं, दर पंधरवड्याला जाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

ज्या चाचणीबद्दल लिहिते आहे ती हाताच्या जखमांची होती. कोळंबी सोलणाऱ्या बायका, दोर ओढणारे खलाशी, लावणीच्या चिखलात महिनाभर उभे असणारे शेतकरी, यांची बोटं सतत ओली. काटा रुततो, कातडी फाटते, जखम चिघळते आणि बरी व्हायचं नाव घेत नाही. त्यासाठी दोन मलमं. एक सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं मिळतं ते, दुसरं नवीन. दोन्ही सारख्याच पांढऱ्या ट्यूबमध्ये भरलेली, वर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय हे मला माहीत नाही, आमच्या डॉक्टरांनाही माहीत नाही. यादी मुंबईला एका कपाटात कुलपाआड. माणूस आला की एक बंद पाकीट फोडायचं आणि आत जो नंबर निघेल ती ट्यूब त्याची.

असं का, तर मला जर निवडायला दिलं तर ज्याची दया येईल त्याला मी नवं देईन, आणि जो फार डोकं खातो त्याला जुनं. डॉक्टर बसले तर लवकर बरी होण्यासारखी जखम बघून तिला नवं देतील. मग शेवटी नवंच चांगलं ठरणार, त्यात नवल काय? नियत कितीही साफ असो, हात झुकतोच. म्हणून हातच बांधून ठेवायचे. इतकी साधी गोष्ट आहे, आणि सबंध नोकरीत एकाही माणसाला ती पहिल्या खेपेला पटली नाही.

म्हसळ्याजवळच्या एका गावात बाळाराम नावाचा शेतकरी होता. त्याने अकरा पानं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “देवीला कौल लावतो, मंग सांगतो.” आमच्याकडे अजून अडीअडचणीला देवीच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या लावून बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आठवड्याने गेले तर गडी खुशीत. देवीने उजवा दिला होता. “सही करतो. पन ट्यूब कंची घ्यायची त्याचा बी कौल लावूनशान येतो.”

“ट्यूब पाकिटातून निघते, बाळारामदादा.”

“पाकीट कोन फोडतो?”

“मी.”

“मंग देवीपरीस तुमी मोठ्या काय?”

शेवटी पाकीट देवीपुढे ठेवलं, त्याने हात जोडले, आणि मग मी ते फोडलं. असं करू नये असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे वहीत तशी नोंद केली. झालं! औषध कंपनीचा तपासनीस आला, त्याने ती नोंद वाचली आणि त्या प्रसंगी तिसरी उपस्थित व्यक्ती कोण होती आणि तिची सही का नाही, यावर माझ्याकडून लेखी खुलासा मागितला.

मुरुडच्या इस्माईलभाईंची तऱ्हा वेगळी. अर्धं आयुष्य आखातात काढून परत आलेले, आता जाळ्यांचं दुकान. मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, तुमचा आमचा घरोबा हाय. तो असलीवाला माल मेरे वास्ते काडून ठेवा.”

“मलाच माहीत नाही हो, कुठल्यात काय आहे ते.”

ते गोड हसले. “बाय, मी कुवेतमध्ये साहेबलोकांच्या हाताखाली काम केलंय. जो बोलतो ना, मला मालूम नाय, चावी त्याच्याकडंच असते.” दुसऱ्या दिवशी खजुराचा डबा घरी हजर. मी तो परत पाठवला. त्यांनी समजून घेतलं की खजूर कमी पडला, आणि पिस्ते पाठवले.

असल्या लोकांचा राग येत नाही, वैताग येतो. राग मला आमच्या समितीचा यायचा. कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी ती योग्य आहे की नाही हे ठरवायला एक समिती लागते, आणि त्यात डॉक्टरांखेरीज बाहेरची माणसंही लागतात. आमच्या समितीत अलिबागचे एक वकीलसाहेब होते आणि म्हसळ्याचे शास्त्री सर. सरांनी कॉलेजात जन्मभर संस्कृत आणि तत्त्वज्ञान शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर ऐकायला विद्यार्थी उरले नव्हते, त्यामुळे सगळं आमच्या वाट्याला.

पहिल्याच बैठकीत तीन तास ‘ट्रायल’ या शब्दावर गेले. वकीलसाहेब म्हणाले, “ट्रायल म्हटली की आरोप आला. आरोपी कोण?”

“आरोपी कसला हो, औषध आहे,” डॉक्टर म्हणाले.

“ठीक. आरोपी औषध. आरोप काय, तर आपण गुणकारी आहोत असं सांगतं आणि पुरावा देत नाही. मग पेशंट कोण? साक्षीदार? साक्षीदाराला शपथ असते, उलटतपासणी असते. इथे त्याची उलटतपासणी कोण करणार?”

“मी. दर पंधरवड्याला,” मी म्हटलं. पण माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

मग शास्त्री सरांनी चष्मा पुसला. त्यांनी चष्मा पुसला की माझी पाचची एसटी गेली असं मी धरून चालत असे. ते म्हणाले की जुन्या न्यायशास्त्रात परीक्षेला बसवण्याआधी दोन गोष्टी लागतात. आधी वस्तूचं नाव घ्या, मग तिची व्याख्या करा, आणि मग ती व्याख्या टिकते का ते तपासा. आणि हे सगळं कधी, तर मनात खरोखर संशय असेल तेव्हा. “संशय नसताना परीक्षा घेणं हा छळ आहे, डॉक्टर. आणि संशय असताना न घेणं हा आळस. तुम्हाला खरंच माहीत नाही ना, कुठलं मलम चांगलं ते?”

“खरंच माहीत नाही, सर.”

“मग घ्या.” मला वाटलं सुटलो. कसचं काय! तिथून ते दिव्यावर गेले. पूर्वी साक्षीपुराव्याने निकाल लागत नसेल तर माणसाला दिव्य करायला लावत. चोरीचा संशय असलेल्याला कोरडे तांदूळ चावून थुंकायला सांगायचे, नाहीतर कढत तुपातून नाणं काढायला लावायचे. हात भाजला तर दोषी. वकीलसाहेब हसून म्हणाले, “आम्ही त्यातून बाहेर पडलो म्हणून तर कोर्टं आली.” सर हसले नाहीत. म्हणाले, “दिव्यात निदान ज्याच्यावर आळ, त्याचाच हात तुपात जायचा. तुमच्याकडे आळ मलमावर आहे आणि हात कोळणीचा. एवढं लक्षात ठेवून करा, म्हणजे झालं.” आणि सही केली. मी त्या दिवशी सहाच्या गाडीने उभ्याने घरी आले, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मुरुडच्या थोडं पुढे एक लहानसा कोळीवाडा आहे. नाव मुद्दाम देत नाही. तिथे महादेव तांडेलांचा शब्द चालत असे. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, समुद्रात जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. पण या माणसाला जमिनीवरही लोक विचारून चालत. त्यांच्या अंगणात अख्खी वाडी जमवून मी पाकिटाची गोष्ट सांगत होते आणि समोरच्या चेहऱ्यांवर काहीही उमटत नव्हतं. तेवढ्यात मला सुचलं.

या वाडीत सगळ्यांनी मिळून ओढलेल्या जाळ्यातल्या मासळीचे वाळूवर वाटे घालतात. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्याकडे बोट दाखवून विचारतो, “ह्यो कुनाचा?” पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही, त्यामुळे कुरबुर नाही. मी म्हटलं, “आमचं पाकीट म्हणजे तुमचा तो पाठमोरा माणूस. त्याला दिसत नाही, मलाही दिसत नाही.”

अंगणात एकदम जीव आला. “असं व्हय! मंग आधी न्हाय सांगाचं?” तांडेल म्हणाले. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. तांडेलांची सून हिरा सर्वांत पुढे होती. तिशीची, कामाला वाघ, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची जखम वाडीत सर्वांत वाईट. तिचं पाकीट मीच फोडलं.

मी ऑफिसात येऊन किती मिरवलं म्हणून सांगू! डॉक्टर म्हणाले, हे उदाहरण बाकीच्या गावांतही वापरा. मी वापरलंही.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगते. लोक मलम खरंच लावतात का, हे कळायला आम्ही परत आलेल्या ट्यूब वजन करून बघत असू. त्या वजनांत माणसाचा सगळा स्वभाव दिसतो. कोणाची ट्यूब भरलेलीच परत येते. कोणाची हरवते. एकाने ती बकरीच्या पायाला लावून संपवली होती आणि बकरी बरी झाल्याचं कौतुकाने सांगितलं होतं. या वाडीच्या ट्यूब मात्र एकजात तळापासून गुंडाळून पिळलेल्या, पापडासारख्या चपट्या. सगळ्यांचं वजन सारखं. मी अहवालात लिहिलं, ‘शिस्त अनुकरणीय.’ हा शब्द आठवला की आजही मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

कारण वीस-बावीस माणसं एकाच मापाने कधीच मलम लावत नाहीत. मी नर्स आहे, मला हे कळायला हवं होतं. तशी जखमांची बरी होण्याची चालही सगळ्यांची सारखीच होती, ना धड वेगाने, ना धड सावकाश. तेही मला दिसत होतं. पण कौतुक करून घ्यायची सवय लागली की माणूस शंका काढत नाही.

एकदा दुसऱ्या गावचं काम रद्द झालं म्हणून मी ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच वाडीत पोहोचले. दुपारची वेळ. तांडेलांच्या पडवीत सगळी वाडी गोळा झालेली. मधोमध भाकरीची मोठी परात, आणि परातीत पांढरं मलम. शेजारी पिळलेल्या ट्यूबचा ढीग. एक म्हातारी कालथ्याने ते मलम घोटत होती, पिठल्याला घोटतात तशी. मग तिने त्याचे छोटे छोटे गोळे काढून केळीच्या पानावर मांडले. तांडेल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कोणीतरी विचारलं, “ह्यो कुनाचा?”

“बारक्याचा.”

“ह्यो?”

“हिराचा.”

मी तशीच पडवीत चढले. “तांडेलमामा! हे काय चाललंय?”

ते वळले. चेहऱ्यावर ओशाळलेपणा कुठेच नव्हता. “या, सिस्टरबाय. वाटे चाललेत.”

“अहो, ज्याची ट्यूब त्याने लावायची होती! एवढं बोंबलून सांगितलं होतं मी!”

“तुमीच बोललात ना, पाकीट मंजे पाठमोरा मानूस. मंग वाटे आधी समान नकोत? एका वाट्यात पापलेट आनि दुसऱ्यात नुसती खारी मांदेली, आनि वर पाठ करून नावं घ्याची, असं कुठं असतं काय? पाठ करून काय उपेग त्याचा?”

“मामा, दोन्ही औषधंच आहेत. खोटं कुठलंच नाही.”

“नवं चांगलं हाय म्हनून तर आनलंत ना?”

“चांगलं आहे की नाही ते माहीत नाही, म्हणून तर चाचणी!”

“माहीत नाय तर लावाला कशाला देता?”

मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. याच प्रश्नाभोवती समितीत तीन तास गेले होते आणि इथे तांडेल मला तो उभ्या उभ्या विचारत होते. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “हिराचा हात बघितलात काय तुमी? पोरीच्या वाट्याला जुनं आलं असंल तर? तिचा हात गेला तर घर कसं चालंल? मी म्हटलं, समद्यांचं एकत्र करा. निदान अर्धं तरी चांगलं तिला गावंल. इतरांना बी गावंल. कुनी फसाचं नाय.”

तेव्हा मी हिराकडे बघितलं. तिने हात पदराखाली घेतला. मी तो बाहेर ओढला. मधल्या बोटाचं टोक काळपट पडलं होतं आणि पट्टी सोडताच वास आला. मागच्या खेपेला मी पट्टी न सोडताच विचारलं होतं, कसं आहे? ती म्हणाली होती, “बरं हाय.” कोळंबीचा हंगाम होता, तिला दवाखान्यात बसायचं नव्हतं. आणि मी वहीत लिहून टाकलं होतं, ‘सुधारणा’.

त्याच दुपारी तिला रिक्षात घालून अलिबागला आणलं. आठवड्याच्या आत बोटाचं वरचं पेर काढावं लागलं.

इस्पितळाच्या बाकावर बसून मी विचार करत होते की परातीबद्दल फक्त मला माहीत आहे. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. वाडीचे आकडे बाकीच्यांत मिसळले असते, दोन्ही मलमं सारखीच दिसली असती, आणि नवं मलम खरंच चांगलं असलं तरी फेकलं गेलं असतं. मग पुढच्या हंगामात दुसऱ्या वाडीतली दुसरी हिरा माझ्यापुढे हात करून बसली असती आणि माझ्याकडे तेच जुनं मलम असतं. मी डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. यात धाडस वगैरे काही नव्हतं. मला सगळ्यांची चीड आली होती, स्वतःची सर्वांत जास्त, आणि चिडलेली असले की मला खोटं बोलता येत नाही.

समितीची तातडीची बैठक झाली. डॉक्टर कपाळ धरून बसले होते. वकीलसाहेब म्हणाले, “हा पुराव्यात सरळसरळ ढवळाढवळीचा प्रकार आहे.” शास्त्री सर म्हणाले, “उलट तुमच्या परीक्षेत जो अन्याय होता तो त्यांनी आपल्या परीने दूर केला.” वकीलसाहेब म्हणाले, न्याय करणं हे साक्षीदाराचं काम नव्हे. सर म्हणाले, मग ते कोणाचं काम, हेच तर तुम्ही अजून सांगितलं नाहीत. चहा आला. सरांनी चष्मा काढला.

“थांबा!” मी ओरडले. समितीत ओरडलेली मी पहिलीच असेन. “हिरा पलीकडच्या इस्पितळात बोट बांधून पडली आहे. तिच्याबद्दल कोणी काही बोलणार आहे का?”

सरांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, “बरोबर आहे. चुकलंच आमचं.” मग दहा मिनिटांत ठरलं. वाडी चाचणीतून बाहेर. कोणावर ठपका नाही. सगळ्यांवर डॉक्टरांनी स्वतः नेहमीचे उपचार करायचे, हिराचं सगळं केंद्राने बघायचं. आणि माझं वाट्यांचं उदाहरण तातडीने बंद. ज्या ज्या गावात मी ते सांगितलं होतं तिथे जाऊन अशा पराती आहेत का ते बघायचं. बाकी कुठे निघाल्या नाहीत. ही कल्पना फक्त महादेव तांडेलांनाच सुचू शकली असती.

चाचणी उशिरा का होईना, पूर्ण झाली. मुंबईचं कपाट उघडलं, यादी बाहेर आली. नवं मलम चांगलं निघालं. फार नाही, पण नक्की चांगलं. काही काळाने ते सरकारी दवाखान्यातही येऊ लागलं. आमचा नियम असा की ज्यांनी भाग घेतला त्यांना निकाल जाऊन सांगायचा, आणि कोणी विचारलं तर त्याला काय मिळालं होतं तेही सांगायचं. वाडी बाहेर काढली होती तरी मी तिथे गेले. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

तांडेलांनी निकाल ऐकला आणि मांडीवर थाप मारली. “बघा! नवं चांगलं होतं ना? मंजे समद्यांना अर्धं तरी चांगलं गावलं. आमचं बराबर होतं, सिस्टरबाय.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी बोंबील बांधून दिले.

हिरा मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, “माज्या पाकिटात कुठलं होतं?”

यादीतला तिच्या नंबराचा कागद माझ्या पर्समध्येच होता. कोणी विचारलं तर सांगायचं, असं मी सगळ्यांना आयुष्यभर शिकवत आले होते. तरी बस लवकर यावी असं मला वाटलं. बस आली नाही.

“नवं,” मी म्हटलं.

ती रस्त्यातच उभी राहिली. “मंजे मी माजं एकलीनं लावलं असतं तर?”

मग मी शास्त्र सांगू लागले. एका माणसाचं असं सांगता येत नाही, हिरा. चाचणीतून शेकडा किती बरे झाले ते कळतं, एकीचं काय झालं असतं ते कळत नाही. नवं लावूनही कित्येकांचं बरं झालं नाही. तुझी जखम जुनी होती. मीही वेळेवर पट्टी सोडून बघायला हवी होती. हे सगळं खरं होतं, शब्दन् शब्द. ती ऐकत होती आणि माझ्याच जिभेला ते कडू लागत होतं.

“बोट एकच होतं, सिस्टरबाय,” ती म्हणाली. मग एकदम भडकली. “आनि मना कशाला सांगितलंत?”

“तू विचारलंस, हिरा.”

“इचारलं म्हनून सांगाचं? आता रोज कोलंबी सोलताना मी हेच घेऊन बसू?”

बस आली. मी चढायला लागले तेव्हा तिने माझा दंड धरला. तिची पकड अजून घट्ट होती. “बाबांना नाय सांगाचं. कदी नाय. त्यांनी माज्यासाठीच केलं ते.”

मी शब्द दिला आणि पाळला. शास्त्री सर अधूनमधून फोन करतात, त्यांनाही सांगितलं नाही. नाहीतर त्यांनी चष्मा पुसला असता.

तांडेल गेल्या वर्षी वारले. मी दहाव्याला गेले होते. हिराने चहा दिला आणि स्वतःहूनच म्हणाली, आता काय ते लिवा. म्हणून लिहिते आहे. वाडीतली माणसं तांडेलांच्या आठवणी काढत होती. शेवटच्या आजारपणातही ते येणाऱ्याजाणाऱ्याला परातीची गोष्ट सांगत असत म्हणे. आपण वाटे समान केले म्हणून हिराचं एका पेरावर निभावलं, नाहीतर पोरीचा अख्खा हात गेला असता. मग ते आत हाक मारून विचारत, “काय गं हिरा, खरं ना?”

आणि हिरा आतून दर वेळी म्हणत असे, “व्हय, बाबा.”